सहदेवचा डावा गुडघा

आमच्या सोसायटीत कुणाचा नळ गळू लागला की सहदेव मेस्त्रीला फोन जायचा. तो उकिडवा बसायचा, मान वाकडी करून बेसिनखाली हात घालायचा आणि तोंडाने इव्हाल्दोच्या गोष्टी सांगत राहायचा. गेल्या मार्चमध्ये तो माझ्याकडे वॉशर बदलायला आला तेव्हा मात्र उकिडवा बसला नाही. त्याने बाथरूमच्या फरशीवर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर तो सरळ उताणा झोपला. डावा पाय त्याने दाराबाहेर पॅसेजमध्ये लांब करून ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा.

"पाय दुखतोय का रे?" मी विचारलं.

"दुखणारच, काकी. मागून घेतलाय," तो बेसिनखालून म्हणाला आणि हसला.

तो हसला म्हणून मीही हसले. त्या दिवशी डायरीत मी फक्त नळ दुरुस्त झाल्याचं लिहिलं.

सहदेवचे वडील कणकवलीकडचे. गिरणी बंद पडल्यावर परळची खोली सोडून ते इकडे मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडच्या चाळीत आले. सहदेव तेव्हा शाळकरी होता. विक्रोळीला कारखान्याच्या मैदानावर तो फुटबॉल खेळायला जायचा आणि तिथेच त्याला भीमराज भेटला. भीमराजचे लोक जालन्याकडचे, बौद्ध. सहदेव डावीकडून पळायचा, भीमराज उजवीकडून, म्हणून मैदानावर त्यांना 'जोडी' म्हणत. पुढे सहदेव मामाच्या हाताखाली प्लंबिंगला लागला, भीमराजने रिक्षा घेतली आणि खेळ सुटला. तो तसाच सुटून गेला असता, पण मग टीव्हीवर इव्हाल्दो दिसला.

इव्हाल्दो दक्षिण अमेरिकेतला. बाप बंदरावर मासळीच्या टोपल्या उतरवायचा. सतरा वर्षांचा, बुटका, डाव्या पायाचा तो पोरगा पहिल्यांदा मैदानात उतरला तेव्हापासून सहदेव त्याच्यामागे होता. नाव इव्हाल्दो, अंगकाठी लहान, म्हणून चाळीतल्या मालवणी मंडळींनी त्याला 'इवलो' करून टाकलं. इवलो युरोपात गेला, इवलोने क्लबला चषक जिंकून दिला, इवलोची पेनल्टी बारवर आपटली, इवलोचं लग्न झालं, मोडलं. हे सगळं चाळीत घरच्या बातम्यांसारखं बोललं जायचं. चाळीशेजारच्या मैदानाच्या भिंतीवर पोरांनी त्याचं एवढं मोठं चित्र काढलं की दिवसाउजेडी मिठागराच्या बांधावरूनसुद्धा त्याचं तोंड ओळखू यावं. त्या चित्राचा फोटो कसा कोण जाणे त्याच्यापर्यंत पोहोचला. एक दिवस त्याचा छोटासा व्हिडिओ आला. त्यात तो हात हलवून त्याच्या भाषेत काहीतरी बोलला आणि शेवटी 'मुंबई' म्हणाला. सहदेवची मुलगी जान्हवी सांगते, बाबांनी तो व्हिडिओ बघताना फोन दोन्ही हातांत धरला होता, आरतीचं ताट धरतात तसा.

इवलोच्या डाव्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती. गेल्या हिवाळ्यात तो गुडघा तिसऱ्यांदा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, आता हा खेळणार नाही. जूनमध्ये मोठा कप होता. त्याच्या देशाने तो कधीच जिंकला नव्हता आणि त्याचं वय पाहता पुढचा कप त्याच्या नशिबात नव्हता.

जानेवारीत चाळीच्या मंडळाची वर्षाची पूजा होती. मिठागराच्या कडेला भेंडीच्या झाडाखाली त्यांच्या राखणदार देवाचं ठिकाण आहे. दरवर्षीप्रमाणे मलाही बोलावणं होतं. कोकणातल्या लोकांत देवापुढे गाऱ्हाणं घालतात. समोर नारळ ठेवायचा, एका जाणत्या माणसाने सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलायचं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. नारळाशिवाय गाऱ्हाणं नाही आणि लोकांच्या 'व्हय'शिवाय ते पुरं होत नाही. धोंडिराम आजोबा हे काम वर्षानुवर्षं करतात. आवाज अजून खणखणीत आहे.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां पोटापाण्यासाठी मुलूख सोडून हयसर ऱ्हवली हत, तरी तुका इसारली नाय."

"व्हय म्हाराजा."

"जा काय वाकडानाकडा असात, ता सरळ कर."

"व्हय म्हाराजा."

संपत आलं तेव्हा मंडळाचा सेक्रेटरी नंदकिशोर मागून म्हणाला, "आजोबा, इवलोच्या गुडघ्याचं पण घाला की एक."

सगळे हसले. धोंडिराम आजोबांनी डोळे उघडले. "तो खंयचो? गाव काय तेचो?"

"आमचोच समजा," सहदेव म्हणाला.

"परक्याचा दुखणा देव आसाच काढणा नाय रे. काढलेला खंयतरी ठेवूक लागता."

"मगे माझ्यार ठेवा. माका खंय खेळाचा आसा?"

पुन्हा हशा झाला. आजोबा हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि नारळावर हात ठेवला. "बा देवा म्हाराजा, परमुलखातलो जो कोण इव्हाल्दो नावाचो झील आसा, तेच्या गुडघ्यातला दुखणा काढ. हो तुझो सहदेव तेका जागा देता. तेच्याकडे ठेव."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. काळ्या वाटाण्याच्या सांबाराचा वास सुटला होता आणि अर्ध्या लोकांचं लक्ष पातेल्याकडे होतं. सहदेवची बायको सुगंधा वडे तळत होती. झारा हातात घेऊनच ती पुढे आली आणि तिने विचारलं, "काय गाऱ्हाणा घातल्यांत?" कुणी तिला सांगितलं नाही. वाढायची घाई होती.

फेब्रुवारीअखेर बातमी आली की इव्हाल्दो पळू लागला आहे. त्याचे डॉक्टरही चकित होते, असं जान्हवीने फोनवर वाचून दाखवलं. त्याच सुमारास सहदेवला जिना उतरताना कठडा धरावा लागू लागला. चाळीत थट्टा सुरू झाली. "काय सहदेवदादा, पार्सल पोचलं वाटतं?" सहदेव कॉलर ताठ करायचा.

एप्रिलमध्ये गुडघ्याच्या वर अंड्याएवढा उंचवटा दिसू लागला. तो गरम लागायचा. सुगंधाने त्याच्या पॅन्टची शिवण उसवून सैल केली. शेवटी भीमराजने त्याला जबरदस्तीने रिक्षात घातलं आणि हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी फोटो काढले, तुकडा तपासला आणि स्पष्ट सांगितलं. हाडात गाठ आहे. आत्ता काढली तर पाय राहील. थांबलात तर पाय काढावा लागेल, आणि मग पायावरच भागेल असं नाही.

"कप झाला की येतो," सहदेव डॉक्टरांना म्हणाला.

ही गोष्ट मला भीमराजने माझ्याच घरी, सहदेवसमोर सांगितली. भीमराज रागाने लाल झाला होता.

"काकी, याला समजवा. तो तिकडे जगातल्या भारी डॉक्टरांकडून शिवून घेतो, आणि हा इकडे बसलाय त्याचं दुखणं सांभाळत."

"तू मानत नाहीस ना? मग गप बस," सहदेव म्हणाला. "त्याच्या गोलवर तू पण नाचतोस."

"नाचतो. पाय देत नाही."

सहदेवने माझ्याकडे पाहिलं. "काकी, मी इथे बरा झालो आणि तो तिकडे पडला तर? सगळ्यांसमोर बोललोय मी." मग तो म्हणाला, "नळ काय, आज थांबतो, उद्या परत गळतो. हे एक काम असं आहे की जगात दुसरं कुणी करत नाहीये."

त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान होतं, ते पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली. दुखणाऱ्या माणसाशी बोलता येतं. समाधानी माणसापुढे काय बोलणार?

सुगंधाला जानेवारीतल्या त्या गाऱ्हाण्याचं सगळं कळलं ते मेमध्ये, तेही जान्हवीकडून. ती तडक माझ्याकडे आली. पंख्याखाली बसली, पाणी प्यायली नाही.

"काकी, तुम्ही कॉन्व्हेंटात शिकलात. दिलेला शब्द परत कसा घेयाचो, ता शिकवला काय हो तुमका?"

मला नन्सनी शब्द पाळायला शिकवलं होतं, एवढंच मी म्हणू शकले. मनात मात्र माऊंट मेरीच्या जत्रेतले मेणाचे पाय आले. शाळेतून आम्हाला नेत असत. लोक मेणाचा पाय वाहतात आणि आपला खरा पाय सोडवून आणतात. इथे सगळं उलटं झालं होतं.

कप सुरू झाला. सामने आपल्याकडे पहाटे, उजाडताना दिसायचे. नंदकिशोरने पावसासाठी ताडपत्री बांधून मैदानात पडदा लावला. पहिल्या सामन्यात इव्हाल्दो शेवटची काही मिनिटं खेळला, दुसऱ्यात निम्मा वेळ, तिसऱ्यात त्याने गोल केला. सहदेवला आता चालवत नव्हतं. पोरं त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून पडद्यासमोर आणायची आणि पाय स्टुलावर ठेवायची. तिसऱ्या सामन्याच्या आधी कुणीतरी जाता जाता त्याच्या गुडघ्याला हात लावून तो हात छातीला लावला. थट्टाच होती. चौथ्या सामन्याला रांग होती. उपांत्य सामन्याच्या पहाटे मी गेले तेव्हा त्या सुजेवर कुणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं आणि एक जास्वंदीचं फूल ठेवलं होतं. सहदेव घामाने निथळत होता. कातडी ताणून काचेसारखी झाली होती.

"दादा, घट्ट धरून ठेवा हां," नंदकिशोर त्याच्या कानाशी म्हणाला. "आता दोनच राहिले."

इव्हाल्दोने त्या सामन्यात असा गोल केला की मलासुद्धा उभं राहावंसं वाटलं. तो डाव्या पायावर गर्रकन वळला, जणू त्या पायाला कधी काही झालंच नव्हतं. मैदानात आरडाओरडा झाला. सुगंधा पडद्याकडे पाहत नव्हती. ती नवऱ्याच्या गुडघ्याकडे पाहत होती, आणि तिथल्या तिथे वळून ती धोंडिराम आजोबांकडे गेली.

"गाऱ्हाणा फिरवून द्या," ती म्हणाली.

"फिरवता येता," ते म्हणाले. "पण ज्येंनी व्हय म्हटला, तेंनीच परत म्हणाक व्हया. येकट्याच्या तोंडान देव मोकळो करणा नाय."

मग सुगंधा दारोदार फिरली. मीही तिच्याबरोबर गेले, कारण एकटीला लोक दारातूनच बोळवत होते. कुणी वाईट बोललं नाही. सगळ्यांनी बसायला दिलं, चहा विचारला.

"वैनी, फायनल होऊंदे. मगे काय ता बघू."

"चार दिवसांनी काय होतंय वैनी? इतके दिवस काढलेत ना?"

नंदकिशोर बँकेत आहे, शिकलेला आहे. तो म्हणाला, "वहिनी, असलं काही आम्ही मानतच नाही. गाठ आहे, ऑपरेशन करायलाच हवं." आणि मग चप्पल शोधत, खाली बघत म्हणाला, "पण आत्ताच कशाला?"

तरी गुरुवारी संध्याकाळी सगळे आले. सुगंधाच्या तोंडावर नाही म्हणायला कुणाला जमलं नसावं. भेंडीच्या झाडाखाली जानेवारीएवढीच माणसं होती. भरतीचं पाणी बांधाला लागलं होतं आणि खाजणाचा कुबट वास येत होता. सहदेवला खुर्चीतून आणलं होतं. भीमराज असल्या ठिकाणी येत नाही. तो चपला घालून रस्त्याकडेला रिक्षाला टेकून उभा होता.

आजोबांनी नारळ ठेवला. "बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरांनी हसत हसत येक शब्द तुझ्या कानार घातलो. ता चुकीचा झाला. परक्याचा दुखणा जेचा तेका परत दे, आणि आमच्या सहदेवाक मोकळो कर."

सुगंधा म्हणाली, "व्हय म्हाराजा." जान्हवी म्हणाली. मी म्हणाले.

बाकी कुणी बोललं नाही.

मी वळून पाहिलं. वर्षानुवर्षं ज्यांच्या तोंडून ते शब्द न ऐकताच निघत आले होते, ती माणसं ओठ मिटून जमिनीकडे पाहत होती. कुणी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, कुणी मोबाईल चाचपत. नंदकिशोर खोकला. आजोबांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी रस्त्याकडून मोठ्याने आवाज आला, "व्हय म्हाराजा!" तो भीमराजचा होता. त्याने आयुष्यात कुठल्या देवापुढे तोंड उघडलं नव्हतं.

"तुझा धरूक येणा नाय, बाबा," आजोबा हळूच म्हणाले. "तू गावचो नाय."

"गाव कुठाय?" भीमराज म्हणाला. "मला तर कुणी दिसत नाही."

आजोबांनी नारळ न फोडताच उचलला. सहदेवने बायकोकडे पाहिलं. त्याला वाईट वाटलेलं नव्हतं. "बघ," तो तिला म्हणाला, "सगळ्यांना हवा आहे मी." पोरं पुढे झाली आणि त्याची खुर्ची उचलली, धक्का लागू नये म्हणून जपून, पालखी नेतात तशी. एवढ्या प्रेमाने माणसाला नेताना मी क्वचितच पाहिलं आहे.

रविवारी पहाटे फायनल झाली. त्याला पडद्यासमोर पहिल्या रांगेत बसवलं होतं. इव्हाल्दोने गोल केला आणि त्याचा देश पुढे गेला. खेळ संपायला थोडा अवकाश असताना मागून एक उंच खेळाडू त्याच्यावर येऊन आदळला. तो पडला आणि उठला नाही. त्याला स्ट्रेचरवर नेलं. या वेळी त्याने उजवा गुडघा धरला होता. मग शिट्टी वाजली, त्याचा देश जिंकला, आणि फटाक्यांच्या माळा लागल्या. धूर विरला तेव्हा भीमराज खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला होता आणि सहदेवच्या गालावर थापट्या मारत होता. सहदेवचं अंग तापाने भाजत होतं. तो हसत होता, पण हाकेला ओ देत नव्हता.

डॉक्टरांनी पाय मांडीपासून काढला. त्यांनी सुगंधाला बाजूला नेऊन सांगितलं की छातीचे फोटो अजून काढायचे आहेत, ते आल्यावर बोलू.

तो शुद्धीवर आल्यावर मी डबा घेऊन गेले. जान्हवी पायथ्याशी बसली होती. तिच्या फोनवर बातमी होती: इव्हाल्दो निवृत्त होणार नाही, उजव्या गुडघ्यावर उपचार घेऊन अजून एक वर्ष खेळणार, जगभरातल्या चाहत्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करावी. तिने ती बापाला वाचून दाखवली नव्हती. पण त्याला माहीत असावं, कारण थोड्या वेळाने नंदकिशोर आणि चाळीतले तिघे आत आले तेव्हा सहदेवने पहिला प्रश्न विचारला, "उजवा ना?"

नंदकिशोरने सफरचंदं टेबलावर ठेवली. त्याच्या मागे धोंडिराम आजोबा होते, काखेत कापडी पिशवी. पिशवीला खाली गोल, जड आकार आला होता. सुगंधा उठली, तिने पिशवीत हात घातला आणि शेंडीला धरून नारळ बाहेर काढला.

"हो कित्याक?"

"रिकाम्या हाताने कसं यायचं, वहिनी," नंदकिशोर म्हणाला. आजोबा माझ्याकडे पाहत होते, मी काही बोलेन असं वाटून की काय. "पोरांनी आणूक लावलो," ते पुटपुटले.

"सुगंधा," कॉटवरून सहदेव म्हणाला, "दे त्यांना तो."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने अंगावरची चादर बाजूला केली होती. उजव्या पायावरची.

सुगंधाने नारळ कानाशी नेऊन हलवला, बाजारात हलवून बघतात तसा. "पाणी आसा," ती म्हणाली. "कालवणाक चलात." आणि तिने तो आपल्या पिशवीत, रिकाम्या डब्याशेजारी ठेवून पिशवीचं तोंड आवळलं. मग चादर ओढून तिने त्याचा पाय झाकला आणि गादीखाली खोचली, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या.

ते लोक जरा वेळ उभे राहिले आणि निघून गेले. जाताना प्रत्येकाने सहदेवच्या चादरीला, उजव्या गुडघ्यापाशी, ओझरता हात लावला.

संध्याकाळी जान्हवीला त्याच्याजवळ बसवून आम्ही दोघी खाली आलो. भीमराज रिक्षा घेऊन थांबला होता. सुगंधा आत बसली, पिशवी मांडीवर घट्ट धरून. समोर फळांचं दुकान होतं आणि त्याच्या पुढच्या दांडीला शेंडीवाले नारळ ओळीने टांगले होते, हवे तेवढे. तिने ते पाहिले. मीही पाहिले. दुकानाच्या पायरीवर नंदकिशोर उभा होता आणि दुकानदाराशी काहीतरी बोलत होता.